उसाच्या हंगामात तापणारी जुनी ई २२०: दरवर्षी परत येणाऱ्या दोषाचा शोध

माझ्याकडे १९९६ सालची मर्सिडीज-बेंझ ई २२० आहे. १९९५ पासून पिंपरीच्या कारखान्यात जोडल्या जाऊ लागलेल्या डब्ल्यू १२४ मालिकेतील ही गाडी असून तिला २,१९९ सीसीचे, चार सिलिंडरचे एम १११ पेट्रोल इंजिन आहे. आजवर ती ३,१८,००० किलोमीटरहून अधिक धावली आहे. इतक्या धावलेल्या आलिशान गाडीत काही ना काही दुरुस्ती निघत राहणार हे मान्य करूनच मी ती घेतली होती. परंतु एकच दोष दरवर्षी त्याच महिन्यांत परत यावा आणि दरवर्षी दुरुस्त झाल्यासारखा वाटावा, याचा उलगडा होण्यास मला तीन हंगाम लागले. ज्यांची जुनी गाडी अशीच ठराविक काळात तापते, त्यांना तपासाचा क्रम उपयोगी पडेल म्हणून तो येथे सविस्तर देत आहे.

दोष असा होता. नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत, म्हणजे कारखान्यांचे गाळप सुरू असताना, तापमानाचा काटा ८० च्या पुढची मधली रेघ ओलांडून १२० कडे झुकत असे. फुलेवाडीतून गगनबावडा रस्त्याला लागल्यावर कुडित्र्याच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे दहा-पंधरा मिनिटे सरपटत जावे लागले की प्रथम एसीची हवा कोमट होई आणि त्यानंतर काटा चढू लागे. रस्ता मोकळा मिळून गाडीने ५० चा वेग घेतला की काटा पुन्हा खाली येई. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत हे घडल्यावर मी गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तेथे वॉटर पंप आणि दोन्ही मोठे होज पाइप बदलले गेले. गाडी नऊ महिने निर्दोष चालली आणि डिसेंबरात पुन्हा तापली.

दुसऱ्या वर्षी 'थोडे सेटिंग करून' गाडी परत मिळाली. जानेवारीत ती अगदी थंड चालत होती, इतकी की सकाळी विद्यापीठापर्यंत गेलो तरी काटा ६० च्या वर सरकत नसे, आणि मी त्यावर खूशही होतो. मार्चमध्ये मात्र पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढे चढावर, रस्ता मोकळा असताना, ती तापली. आता निदान झाले की हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेले आहे. "साहेब, हेड उघडायला लागतंय, त्याशिवाय सुटका न्हाई," असे मला सांगण्यात आले. हेड उघडणे, फेसिंग करणे, व्हॉल्व्ह बसवणे या कामांचे उत्तम कारागीर शिवाजी उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर मिळतात, आणि त्यामुळेच कोल्हापुरात कधी कधी हेड गरज नसताना उघडले जाते, असे माझे मत आहे. मी नकार दिला आणि गाडी घरी आणली.

येथे माझी स्वतःची चूक आधी नोंदवतो. पहिल्या दोन्ही वर्षी दुरुस्ती यशस्वी झाली की नाही, हे मी ज्या परिस्थितीत दोष येत होता त्या परिस्थितीत तपासलेच नव्हते. मार्चमध्ये दुरुस्ती होते, एप्रिलमध्ये गाळप संपून ट्रॉल्या रस्त्यावरून नाहीशा होतात, जूनमध्ये पाऊस लागतो आणि हवा थंड होते. या काळात माझी गाडी तापतच नसे. पंप बदलल्यामुळे गाडी बरी झाली की हंगाम संपल्यामुळे, हे सांगता येण्यासारखे काहीच माझ्याकडे नव्हते. तिसऱ्या वर्षी मी एक वही केली आणि प्रत्येक वेळी बाहेरचे तापमान, एसी चालू की बंद, गाडी उभी की चढावर, वेग किती आणि काटा कोठे, एवढ्या पाच गोष्टी लिहू लागलो. तीन आठवड्यांत त्या वहीने जे दाखवले ते आधीच्या दोन बिलांमध्ये नव्हते. गाडी एका प्रकारे तापत नव्हती, दोन प्रकारे तापत होती.

उभी असताना तापणे आणि धावताना तापणे

हा भेद संपूर्ण तपासाचा पाया आहे. गाडी उभी असताना किंवा अगदी संथ चालताना काटा चढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर रेडिएटरमधून हवा जात नाही असे समजावे. वेगाने जाताना समोरचा वारा जे काम करतो ते उभ्या गाडीत पंख्याला करावे लागते, आणि पंखा कमी पडला किंवा हवेची वाट बुजली की उष्णता बाहेर पडत नाही. याउलट मोकळ्या रस्त्यावर, चढावर, इंजिनावर भार असताना काटा चढत असेल तर वारा पुरेसा आहे. अशा वेळी पाणी रेडिएटरपर्यंत पुरेसे पोहोचत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे, असा संशय घ्यावा. पहिल्या वर्षी माझी गाडी केवळ पहिल्या प्रकारे तापत होती आणि दुसऱ्या वर्षापासून दोन्ही प्रकारे. याचा अर्थ मधल्या काळात कोणीतरी दुसरा दोष निर्माण केला होता.

त्याआधी काटा खरे बोलतो आहे का, हे पाहणे आवश्यक असते. तीस वर्षांच्या उष्णतेने इंजिनाजवळच्या वायरींचे आवरण बिस्किटासारखे चुरते, अर्थिंगचे बोल्ट गंजतात, आणि हेडलाइट किंवा मागील काचेचा हीटर लावला की काटा उडी मारून वर जातो. पाणी एका क्षणात दहा अंशांनी तापत नसते, म्हणून अशी उडी दिसली तर दोष वायरिंगचा समजावा. माझ्या गाडीत तशी उडी नव्हती. तरीही मी इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठराविक तापमानाला रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या, घराचे तापमान घेतले. या उपकरणाबाबत एक सूचना करावीशी वाटते. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते धरल्यास आकडा प्रत्यक्षाहून बराच कमी येतो आणि माणूस निर्धास्त होतो. ज्या ठिकाणी मोजायचे तेथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा. माझ्या मोजणीत काटा आणि थर्मामीटर यांच्यात दोन-तीन अंशांचाच फरक निघाला, म्हणजे काटा खरा होता.

हेड गॅस्केटचा प्रश्नही सुरुवातीलाच मिटवला, कारण तो संशय डोक्यात असेपर्यंत दुसरे काही नीट तपासले जात नाही. रात्रभर थंड झालेल्या गाडीच्या एक्स्पान्शन टाकीचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी जेथून भरतात त्या टाकीचे, झाकण उघडून पुन्हा लावले, इंजिन सुरू केले आणि वरचा होज पाइप हाताने दाबून पाहिला. पाणी तापण्याआधीच, मिनिटभरात, पाइप दगडासारखा घट्ट झाला तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. तसे झाले नाही. नंतर एका परिचिताकडून निळ्या द्रवाची चाचणी-नळी आणली. एक्स्पान्शन टाकीच्या तोंडावर ती धरून इंजिन चालवले असता पाण्यातून ज्वलनवायू येत असल्यास पेट्रोल गाडीत हा निळा द्रव पिवळा पडतो. माझा निळाच राहिला. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नव्हता आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफही येत नव्हती. हेडला हात लावण्याचे कारण उरले नाही.

थर्मोस्टॅटच्या घरात

चढावरच्या तापण्यासाठी प्रथम थर्मोस्टॅट पाहायचे ठरवले. नवीन आणून ठेवला, पाणी काढले, घराचे बोल्ट सोडवले, झाकण उचलले, आणि आत काहीच नव्हते. जेथे थर्मोस्टॅट बसतो त्या कडेवर केवळ गॅस्केट सिलिकॉनचा एक निळा ओघळ वाळून बसला होता. 'थोडे सेटिंग' म्हणजे काय, हे तेव्हा समजले.

गाडी तापते म्हटले की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि काही जुन्या, साध्या इंजिनांमध्ये ती खपूनही जाते. या इंजिनात मात्र ती उलट परिणाम करते. येथील थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. ८७ अंशांना मेण वितळून फुगू लागले की पुढची चकती रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते आणि त्याच हालचालीत मागची चकती बायपासची वाट बंद करत जाते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो, आणि इंजिनातून निघालेल्या गरम पाण्याचा एक मोठा हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात परततो. थंडीतल्या सकाळी भार कमी असल्याने उरलेला हिस्सा पुरून उरतो, म्हणून काटा ६० वर रेंगाळतो. मार्चच्या दुपारी पन्हाळ्याच्या चढावर तोच हिस्सा अपुरा पडतो. जानेवारीतला तो सुखद थंडपणा आणि मार्चमधले तापणे यांचे कारण एकच होते. शिवाय इंजिन थंड आहे असे समजून संगणक पेट्रोल जास्त सोडत राहतो, त्यामुळे त्या हिवाळ्यात गाडीचा ॲव्हरेज का घसरला होता याचेही उत्तर मिळाले.

नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो पातेल्यातल्या पाण्यात स्वयंपाकघरातील थर्मामीटरसह उकळत ठेवून कधी उघडतो ते पाहिले. नवा भाग चांगलाच असेल असे गृहीत धरण्याइतका विश्वास आता राहिलेला नव्हता. बसवताना हवा बाहेर पडण्याचे छिद्र वरच्या बाजूस राहील याची काळजी घ्यावी. पाणी भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा पाइप हाताने दाबत दाबत हवा काढावी. आत अडकलेला हवेचा एक फुगासुद्धा नव्या दोषाचा आभास निर्माण करतो.

त्या आठवड्यात पन्हाळ्याला दोनदा गेलो. केर्लीपासून वाघबीळपर्यंत काटा ८५ च्या आसपास, पुढच्या चढावर ९० च्या किंचित वर. चढावरचा दोष संपला होता. गगनबावडा रस्त्यावर ट्रॉल्यांमागे मात्र काटा पहिल्यासारखाच चढला.

पाचट, तुरे आणि दोन जाळ्यांमधली फट

एसी असलेल्या गाडीत पुढे कंडेन्सरची, म्हणजे एसीचा वायू थंड करणारी, जाळी असते आणि तिच्या मागे, बोट-दोन बोटांच्या अंतरावर, रेडिएटरची. समोरून पाहणाऱ्याला केवळ कंडेन्सर दिसतो. माझा कंडेन्सर दर रविवारी धुतला जात असल्याने स्वच्छ होता, आणि त्यामुळे कोणालाच, मलासुद्धा, मागे पाहण्याची बुद्धी झाली नाही.

या वेळी तापमाने घेतली ती रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपजवळ. गाडी उभी ठेवून, एसी लावून, वर ९९ अंश आणि खाली ९४ अंश. हा पाच अंशांचा फरक बोलका होता. पाणी वेगाने फिरते आहे, परंतु हवा त्यातून उष्णता काढूनच घेत नाही, असा त्याचा अर्थ होतो. रेडिएटर आतून चोंदलेला असता तर उलट घडले असते. पाणी संथ वाहिल्याने खालचा पाइप वरच्यापेक्षा बराच थंड लागला असता आणि जाळीवर हात फिरवल्यास काही पट्टे गार लागले असते.

रेडिएटर काढण्यासाठी उद्यमनगरात चाळीसेक वर्षे केवळ रेडिएटरचेच काम करणाऱ्या एका मामांकडे गेलो. त्यांनी वरच्या दोन क्लिपा काढल्या, गिअर ऑइलच्या कुलरच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडे प्लॅस्टिकने बांधली आणि रेडिएटर वर उचलला. पुढची बाजू वळवून पाहिली तेव्हा खालच्या निम्म्या भागात जाळी दिसतच नव्हती. उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे, तुऱ्यांचा कापसासारखा भुसा, रस्त्यावरची लाल धूळ आणि कधीकाळी पाझरलेल्या तेलाचा चिकटा यांचा मिळून एक नमदा तयार झाला होता, आणि मामांनी तो नखाने कडेला उचलला तर हातभर लांबीची एक सलग पट्टी निघून आली. तिच्या आतल्या बाजूवर रेडिएटरच्या पात्यांचे ठसे एकेक करून मोजता येतील इतके स्पष्ट उमटलेले होते. मामा म्हणाले, "साहेब, ही जाळी न्हाई, वैरणीची पेंढी हाय."

हंगामात या दोषाने डोके वर का काढावे, हे त्या पट्टीने समजावून दिले. ऊसवाहतुकीच्या मागून जाताना पाचट उडते, नोव्हेंबरपासून उसाला आलेल्या तुऱ्यांचा भुसा हवेत असतो, आणि पंखा तो सगळा समोरून आत ओढतो. कंडेन्सरच्या पात्यांमधून जे निसटते ते रेडिएटरवर अडकते. पावसाळ्यात भिजून त्याचा काही भाग गळतो, उरलेला तसाच राहतो आणि पुढच्या वर्षीचा थर त्यावर चढतो. त्यामुळे दरवर्षी गाडी आदल्या वर्षापेक्षा थोडी अधिक तापत होती, आणि आम्ही मात्र दरवर्षी नवा भाग बदलत होतो.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने मारावे आणि साध्या नळाच्या दाबानेच मारावे. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनने पाती आडवी होतात आणि मग स्वच्छ दिसणारी जाळीसुद्धा हवा अडवते. तेलकट चिकट्यासाठी भांडी घासण्याचे द्रव साबण पाण्यात मिसळून अर्धा तास भिजू द्यावे. आडवी झालेली पाती लाकडी दातकोरणीने सरळ करता येतात. मला त्याला एक पूर्ण दुपार लागली. जाता जाता जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरातल्या कितीतरी तळमजल्यांत शिरले होते. या दोन जाळ्यांच्या फटीत तळाशी सुकलेला बारीक गाळ सापडला तर गाडीच्या सीट कितीही नव्या असल्या तरी व्यवहार करू नये.

रेडिएटर बाहेर होता म्हणून त्याच्या वरच्या पाइपच्या तोंडाचीही तपासणी केली. हे तोंड प्लॅस्टिकचे असते, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होते आणि क्लिप आवळताना किंवा भर रस्त्यात अचानक तुटते. माझ्या तोंडावर केसासारखी एक चीर होती. ॲल्युमिनियमच्या जाळीला पितळी रेडिएटरसारखे रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता येत नाही आणि प्लॅस्टिकच्या टाकीला डाग देता येत नाही. त्यामुळे येथे काटकसर न करता नवा रेडिएटर घेतला. ऑटोमॅटिक गिअरचे तेल याच रेडिएटरच्या टाकीतून थंड होत असल्याने, गाडी वारंवार तापली असेल तर गिअर ऑइलचा वासही घ्यावा. माझे करपट वासाचे आणि तपकिरी झाले होते, म्हणून फिल्टरसह बदलले.

पंखे

स्वच्छ रेडिएटर बसल्यानंतर फरक मोठा पडला, तरी एसी लावून ट्रॉल्यांमागे वीस मिनिटे गेली की काटा मधल्या रेघेला टेकतच होता. आता पंखे राहिले होते, आणि या गाडीत ते दोन प्रकारचे आहेत.

इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा मोठा पंखा एका व्हिस्कस क्लचवर बसवलेला असतो. त्याच्या पोटात सिलिकॉनचे द्रव असते आणि तोंडावर दोन धातूंची पट्टी असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की ही पट्टी वाकून झडप उघडते, द्रव कामाच्या कप्प्यात येते आणि पंखा पकड घेतो. द्रव वर्षांगणिक झिरपून जाते. ते गेल्यावरही पंखा फिरताना दिसतोच, म्हणून पाहणारा फसतो. चाचणी सोपी आहे. गाडी चांगली तापवून इंजिन बंद करावे आणि पंखा किती फिरून थांबतो ते लांबून पाहावे. निरोगी क्लच असेल तर पंखा फार तर एखादा फेरा घेऊन थांबतो. माझा चार-पाच फेरे डौलात फिरत राहिला. चालू इंजिनात पंख्याजवळ वर्तमानपत्राची गुंडाळी किंवा काठी धरून पकड पाहण्याची एक पद्धत सांगितली जाते, ती कोणी करू नये. नवा क्लच आणल्यावर तो खोक्यात आडवा पडू न देता, गाडीत जसा बसतो तसा उभा ठेवावा, अन्यथा आतले द्रव चुकीच्या कप्प्यात उतरते. नवा क्लच बसवल्यानंतर गाडी तापली की पंख्याचा घूं असा भरदार आवाज येऊ लागला. आठ वर्षांत तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता, आणि पहिल्यांदा ऐकल्यावर काहीतरी बिघडले म्हणून गाडी बाजूला घेतली होती.

कंडेन्सरच्या पुढे विजेवर चालणारे दोन छोटे पंखे असतात. एसीच्या वायूचा दाब वाढला की ते कमी वेगाने आणि पाणी १०५ अंशांच्या पुढे गेले की पूर्ण वेगाने फिरतात. कमी वेगासाठी वीज एका सिरॅमिक रेझिस्टरमधून जाते. तो जळाला की मधला टप्पा नाहीसा होतो आणि पाणी धोक्याच्या जवळ गेल्याशिवाय पंखे सुरूच होत नाहीत. एसी लावून गाडी उभी असताना हवा कोमट होणे आणि काही मिनिटांनी काटा चढणे, हा क्रम मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो. त्याचा अर्थ हाच होता, कारण आधी कंडेन्सर तापतो आणि मग त्याची झळ मागच्या रेडिएटरला लागते. रेझिस्टरच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला तर वाट तुटलेली निघाली. संपूर्ण कामातला हा सर्वांत स्वस्त भाग होता. तो बदलताना पंख्यांचे कनेक्टर उघडून हिरवट गंज खरवडला आणि फ्यूजही पाहिला. कोणीतरी तेथे ठरवलेल्यापेक्षा मोठा फ्यूज घातला होता, तो काढून योग्य क्षमतेचा घातला.

बेल्टचा ताण देणारा टेन्शनरही याच वेळी पाहून घ्यावा. तो ढिला असेल तर बेल्ट घसरतो आणि पंप व पंखा दोन्ही मंदावतात. माझा ठीक होता.

पाण्याविषयी

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालण्याची सवय मोडणे मला स्वतःला सर्वांत जड गेले, कारण बोअरचे पाणी प्यायला चालते तर गाडीला का चालू नये, असे मला वाटत असे. जड पाण्यातील क्षार गरम धातूवर थर धरतात, आणि किटलीच्या तळाशी जे दिसते तेच इंजिनाच्या पोटात होते. डिस्टिल्ड पाणी आणि मर्सिडीजच्या ३२५.० या मान्यतेचे कूलंट निम्मे-निम्मे मिसळावे. कूलंट अधिक घातले म्हणजे गाडी अधिक थंड राहते हा समज चुकीचा आहे. ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, म्हणून निव्वळ कूलंट भरलेली गाडी उलट जास्त तापते. रंग पाहून कूलंट मिसळू नये, कारण रंग हा मान्यतेचा पुरावा नाही.

जुना थर काढण्यासाठी मी सायट्रिक ॲसिडचे १० टक्के द्रावण वापरले. सगळे पाणी काढण्यासाठी केवळ रेडिएटरचा खालचा स्क्रू उघडून भागत नाही. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन बोल्टही काढावा लागतो, नाहीतर बरेचसे जुने पाणी आतच राहते. द्रावण भरून इंजिन कामाच्या तापमानाला आणले, दहा मिनिटे चालवले, थंड झाल्यावर काढले आणि साध्या पाण्याने तीनदा धुतले. आम्ल आत अजिबात राहू देऊ नये, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे. पहिल्या खेपेला बाहेर आलेले पाणी चहासारखे होते आणि तळाशी लालसर गाळ बसला.

एक्स्पान्शन टाकीचे झाकण ही दुर्लक्षित वस्तू आहे. त्यावर १४० असा आकडा असतो, म्हणजे ते १.४ बारपर्यंत दाब धरून ठेवते. उघड्या पातेल्यातले पाणी कोल्हापुरात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, ९८ अंशांच्या आसपास उकळते. उंची ३०० मीटरने वाढली की उकळबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, म्हणून पन्हाळ्यावर तो आणखी खाली असतो. बंद टाकीतल्या १.४ बार दाबाखाली मात्र तेच पाणी सव्वाशेच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर हा सगळा बचाव नाहीसा होतो, आणि काटा धोक्यात नसतानाही पाणी उकळून बाहेर फेकले जाते. अशा गाडीचे मालक पाणी कोठे जाते म्हणून हेडवर संशय घेत बसतात. दर तीन-चार वर्षांनी झाकण बदलणे हे सर्वांत सोपे काम आहे.

रस्त्यातच काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा, काचा उघडाव्यात, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन इंजिनाचा वेग थोडा वाढवावा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो काटा पाच-सात अंशांनी सहज उतरवतो. काटा १२० कडे जात असेल किंवा वाफ दिसली तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. शाबूत असलेले हेड याच क्षणी वाकते.

हंगामातली चाचणी

सगळी कामे ऑक्टोबरपर्यंत पूर्ण झाली होती, परंतु गाडी बरी झाली असे मी वहीत लिहिले नाही. गाळप सुरू होण्याची वाट पाहिली. डिसेंबरात आणि नंतर पुन्हा मार्चमध्ये, बाहेर ३६ अंश असताना, दुपारी दोन वाजता मुद्दाम गगनबावडा रस्त्याने ट्रॉल्यांच्या रांगेमागे गेलो, एसी पूर्ण, चार माणसे गाडीत. पंचवीस मिनिटांत काटा ९२ च्या पुढे गेला नाही आणि एसीची हवा गारच राहिली. घरी येऊन इंजिन चालू ठेवूनच मोजले तर वरचा पाइप ९१ आणि खालचा ७९. पाचाचा फरक बारा झाला होता. दुसऱ्या दिवशी पन्हाळा, तेथेही ९०.

आता वर्षातून दोनदा, गाळप सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, वरची आच्छादने काढून टॉर्चने दोन जाळ्यांच्या फटीत पाहतो. गेल्या एप्रिलमध्ये खालच्या कोपऱ्यात चिमूटभर तुऱ्याचा भुसा होता, तो ब्रशने काढला. हीटरची झडप अजून पूर्ण बंद होत नाही आणि उन्हाळ्यात पायांना किंचित कोमट हवा लागते. ते काम पावसाळ्यात करायचे आहे.